डाव्या कानाची चीर

मी पेन्सिलीने काढलेल्या गाईच्या चित्रातला डावा कान माझ्या वडिलांनी खोडरबराने पुसला आणि त्या जागी दुसरा, अखंड कान काढला. ही गोष्ट पौषातल्या एकादशीला, दुपारी तीनच्या सुमारास घडली. मी तेव्हा अकरावीत होते. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात माझी सही होती. ती त्यांनी पुसली नाही.

वडिलांना मी नाना म्हणत असे. ते भिक्षुक होते. उज्जैनला देवास गेटच्या बस स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर होतं. खाली आम्ही तिघं, नाना, आई आणि मी, आणि वर यजमानांसाठी दोन खोल्या. खानदेशातून, वऱ्हाडातून, सोलापूरकडून मराठी माणसं क्षिप्रेकाठी आपल्या माणसांचं श्राद्ध करायला येत, ती आमच्याकडे उतरत. पहाटे स्टँडवरून कंडक्टरांचं 'इंदौर, इंदौर, इंदौर' ऐकू यायला लागायचं आणि त्याच सुमाराला वरच्या खोलीत कोणीतरी अनोळखी माणूस खोकायचा. त्या खोकण्यावरून आई किती माणसं आहेत आणि किती वयाची आहेत याचा अंदाज बांधायची, आणि तेवढी उडदाची डाळ वाटायला घ्यायची. श्राद्धाचे वडे, तांदळाची खीर, कढी, आणि यजमानांनी गावाकडून आणलेली आमसुलं असली तर त्यांची चटणी. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी बहुतेक लोक दाल-बाफले, म्हणजे डाळीबरोबर उकडून भाजलेले कणकेचे गोळे, मागत. बाफले आई अंगणात गोवऱ्यांवर भाजायची. यजमान बायका तिच्याभोवती पाटांवर बसून आमच्या मराठीला हसायच्या. आम्ही कपाटाला अलमारी म्हणायचो आणि गोधडीला रजाई. आईला त्याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, "हसू देत. आज हसतायत, काल रडत होत्या."

नाना फार बोलत नसत. जे बोलत ते तोलून. मंत्रातला एक ऱ्हस्व दीर्घ झाला तर ते थांबत आणि मागे जाऊन पुन्हा म्हणत, यजमानाला त्यातलं काही कळत नसलं तरी. पत्रिका मांडताना ते पट्टी वापरत नसत. नुसत्या हाताने ओढलेल्या त्यांच्या रेघा सरळ येत. मला चित्रं काढायला कोणी शिकवलं असं विचारलं तर उत्तर तेच आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्हाला फळ्यावरचं कमळ उतरवून घ्यायला सांगत. नाना घरी ब्लेडने पेन्सिलीला लांब टोक करून द्यायचे, समोर तांब्या ठेवायचे आणि म्हणायचे, "तांब्या काढू नकोस. हा तांब्या काढ. याला इथे पोचा आहे, तो दिसला पाहिजे." पोचा दिसला नाही तर कागद परत माझ्याकडे यायचा. पुढे तीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. तिथे हीच गोष्ट मला पुष्कळांनी पुष्कळ शब्दांत सांगितली. मला ती नवी नव्हती.

आता गाय. श्राद्धाला जोडून कोणी गोदान करायचं म्हटलं की भैरवगढहून बद्रीकाका गाय घेऊन घाटावर येत. बद्रीकाका गवळी. आमचं दूध त्यांच्याकडचं आणि आईच्या गोवऱ्याही त्यांच्याकडच्या. गाय माळवी, राखट पांढरी, कपाळावरचा भोवरा मधोमध नसून उजवीकडे सरकलेला, आणि डावा कान टोकापासून दोन बोटं चिरलेला. लहानपणी कुत्र्याने धरला होता, असं बद्रीकाका सांगत. शिंगांना हळद लावलेली असे. यजमान शेपूट हातात धरत, नाना त्यावर तीळ आणि पाणी सोडत संकल्प सांगत, मेलेल्या माणसाला ही गाय वैतरणी नदीच्या पलीकडे नेते असं म्हणत, आणि गाय दान होई. नानांना मुलगा नव्हता, त्यामुळे दर्भ, तीळ, तुळस, फुलं यांची टोपली घेऊन सुट्टीच्या दिवशी मी जात असे. मी पाहिलेली गोदानं सात-आठ असतील. प्रत्येक वेळी हीच गाय होती, हे मला दिसत होतं. मी त्याचा अर्थ असा लावला होता की घाटावर विधीपुरती ही गाय उभी करतात आणि यजमानाच्या नावची खरी गाय वेगळी असते. असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

वत्सलाबाई चाळीसगावहून आल्या त्या या एकादशीच्या आधीच्या फाल्गुनात, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला. एकट्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला मोकळ्या. मुलगा नव्हता, म्हणून नानांनी दर्भ मध्ये धरून सगळं त्यांच्याच हातून करवून घेतलं. असं तेव्हा सगळे गुरुजी करत नसत, आणि त्याबद्दल त्या नानांना फार मानत. गोदान झाल्यावर इतर लोक शेपूट सोडून हात धुतात. या बाई गाईच्या मानेला मिठी मारून उभ्या राहिल्या. "यांना गाईची फार हौस," त्या म्हणाल्या. "पण आम्ही जन्मभर भाड्याच्या माडीवर. माडीवर गाय कुठे बांधणार?" मग नानांना विचारलं, "गुरुजी, हिचं आता पुढे?"

नाना म्हणाले, "तुमची गाय आहे. आमच्याकडे राहील. शेवटपर्यंत तिची सेवा होईल."

हे वाक्य मी ऐकलं. मी टोपली घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आणि या वेळी यजमानाची म्हणून नानांनी जी गाय दाखवली होती ती समोर उभी असलेलीच होती, त्यामुळे ही तरी खरोखर वत्सलाबाईंची, असं मी धरून चालले.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. माझी चित्रांची वही त्यांनी वर खोलीत पाहिली होती. "बाळे, मला मावशी म्हण. आणि माझ्या गाईचं एक चित्र काढून पाठव. फोटो नको. फोटोवाला एकदा बघतो आणि जातो. तू बसून काढशील."

मी चार रविवार बसून काढलं. बद्रीकाकांच्या अंगणाच्या एका बाजूला छीप्यांचं, म्हणजे कापड छापणाऱ्यांचं, घर होतं. तिथे दिवसभर लाकडी ठशांची धपधप चालायची. ठसा रंगात, ठसा कापडावर, वरून मुठीची एक थाप. त्या थापांच्या मापाने माझी पेन्सिल चालायची. गाईला पाठमोरं काढणं सोपं असतं, पण मी ती तीन-चतुर्थांश समोरून काढली, कारण भोवरा आणि कान दोन्ही यायला हवे होते. वशिंडाची सावली, गळ्याखालच्या पोळीच्या घड्या, पुठ्ठ्याची वर आलेली हाडं, गुडघ्यावरचे केस घासून गेलेली जागा. शेपटीचा गोंडा अर्धा होता तो अर्धाच काढला. कानाच्या चिरीला एक पूर्ण सकाळ लागली. तिची कड जाड होते आणि आतली बाजू किंचित उलटी वळते. बद्रीकाका मागे उभे राहून बघायचे. "अरे बिटिया, इसका कान तो जोड़ देती। कागज पे तो डॉक्टर भी नहीं लगता।" मी म्हटलं, "काका, फिर ये वो थोड़ी रहेगी।" "हौ, ये बात भी है," ते म्हणाले.

मी दोन चित्रं काढली. एक वत्सलामावशींना पाठवलं आणि दुसरं माझ्या फाइलमध्ये ठेवलं. दोन्हींवर सही केली. नानांनी पोस्टात टाकण्यापूर्वी चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कान चांगला आलाय."

मावशींचं उत्तर आठवड्यात आलं. चित्राला काच लावून घेतली होती. त्या रोज सकाळी चहा पिताना त्याच्यासमोर बसतात, असं लिहिलं होतं. गाय काय खाते, थंडीत तिच्यावर पोतं घालतात का, माशा फार होतात का. मी सगळ्याची उत्तरं लिहिली, आणि उत्तर लिहिण्यासाठी प्रत्येक वेळी भैरवगढला जाऊन आले, कारण न बघता लिहायचं नाही असं मला शिकवलेलं होतं. दिवाळीपर्यंत माझी नऊ पत्रं गेली. एका पत्रात मी लिहिलं, "तुमची गाय सुखात आहे." या पत्रांची नक्कल माझ्याकडे नाही. हे वाक्य मात्र मी लिहिलं होतं याची खात्री आहे.

मावशींचं एक पत्र नानांनी अमरावतीच्या एका वकिलांना दाखवलं. वकील आपल्या आईचं श्राद्ध करायला आले होते आणि त्यांनीही गोदान केलं होतं. त्यांना कल्पना आवडली. आमच्याही गाईचं चित्र पाठवा, म्हणाले. नाना हो म्हणाले. माझ्या मते आमच्या घरात चूक झाली ती इथे. शेकडो माणसांना ओळखू येणार नाही अशी एक गाय होती, आणि तिचं ओळखू येईल असं चित्र आम्ही स्वतःच्या हाताने गावोगाव पाठवायला निघालो होतो. आज घाटावरून यजमानांना मोबाइलवर व्हिडिओ जातो. परवा मी टावर चौकात रिक्षेची वाट बघत होते, तेव्हा शेजारचा तरुण फोनवर कोणाला तरी सांगत होता, "भेजा है, देख लो, काली वाली है।" तो गाईबद्दलच बोलत होता का, हे मला माहीत नाही.

नाना मला म्हणाले, "वकिलांसाठी एक काढ. जरा वेगळी."

"वेगळी म्हणजे? त्यांची गाय कुठली?"

"तशीच आहे. कान नीट दाखव, भोवरा मधे घे."

मी भैरवगढला गेले आणि बद्रीकाकांना विचारलं, अमरावतीवाल्यांची गाय कोणती, मला तिच्यासमोर बसायचं आहे. काका धार काढत होते. आधी त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटलं. मग त्यांनी चरवी बाजूला ठेवली.

"बिटिया, गाय तो एक ही है। बारह बरस से यही जा रही है, यही आ रही है।" आणि हसून म्हणाले, "ये तो अपनी देवास गेट की बस समझो। सवारी को उस पार उतारा, फिर स्टैंड पे आ के खड़ी हो गई।"

"और वत्सलाबाई की?"

"कौन वत्सलाबाई?"

माझा चेहरा बघून त्यांनी हसणं थांबवलं. "पंडितजी ने बताया नहीं तेरे को? अरे, सब जगह ऐसा ही है। इतनी गाय कोई कहां बांधेगा?"

त्या संध्याकाळी मी नानांना विचारलं. आई कोथिंबीर निवडत होती, ती निवडत राहिली. नाना चिडले नाहीत. त्यांनी मला यजमानाला सांगावं तसं सांगितलं: दान संकल्पात असतं, गाय प्रत्यक्ष मिळाली नाही तर तिच्या जागी द्रव्य चालतं, दर्भाची गायही चालते, शास्त्राला धरून आहे, आणि एका गावात एवढ्या गाई सांभाळायच्या कोणी? यातलं काहीही खोटं नव्हतं. मी नंतर ते जाणकारांना विचारून तपासलं आहे.

"मग तसं सांगायचं ना त्यांना," मी म्हटलं. "शेवटपर्यंत सेवा होईल, असं का सांगितलंत?"

"माणूस गेलेल्या बाईला तर्क सांगायचा नसतो."

"मी तिला नऊ पत्रं लिहिली, नाना. तुम्ही वाचत होतात."

आई म्हणाली, "अहो, पोरीला निदान मना तरी करायचं होतं." त्यावर नाना म्हणाले, "ती चांगलं लिहीत होती." मी वकिलांसाठी चित्र काढणार नाही, असं सांगितलं. नाना म्हणाले, "बरं." मला वाटलं विषय संपला.

एकादशीला यजमान नव्हते. आई साबूदाण्याची खिचडी करून वर उन्हात पडली होती. मी शाळेतून आले तेव्हा नाना खिडकीशी पाटावर बसले होते आणि समोर माझी फाइल उघडी होती. दुसरं चित्र, मी माझ्यासाठी ठेवलेलं, त्यांच्या मांडीवरच्या फळीवर होतं. कान पुसून झाला होता. रबराचे काळे कण त्यांनी फुंकर मारून उडवले, पेन्सिलीचं टोक ब्लेडने लांब केलं आणि मी दारात उभी असताना नवा कान काढला. मग भोवरा सरकवला. घाई केली नाही. कान उत्तम जमला होता. त्यांच्या छटा माझ्यापेक्षा मऊ होत्या. मी म्हटलं, "नाना, खाली माझी सही आहे." ते म्हणाले, "असू दे. चित्र तुझंच आहे." दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेलं.

मी मावशींना त्यानंतर पत्र लिहिलं नाही. त्यांची दोन आली. दुसऱ्यात लिहिलं होतं, "बाळे, परीक्षा जवळ आली असेल, वेळ होत नसेल तर नुसती एक ओळ लिही, ती कशी आहे." मी उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. खरं लिहिलं तर नाना खोटे पडत होते. खोटं लिहायचं तर भैरवगढला जाऊन बघून येण्याची गरज नव्हती.

फाल्गुनात त्या न कळवता आल्या. रात्रीच्या गाडीने उतरून, घरी न जाता, सामानासकट टांगा करून सरळ घाटावर. तिथे नाना बुलढाण्याच्या एका गृहस्थांकडून गोदान करवून घेत होते. मी टोपली घेऊन उभी होते. मावशी पायऱ्या उतरून आल्या, चष्मा पुसला, गाईकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून एक पितळी घंटा काढली; तांबड्या दोरीत ओवलेली, मुठीएवढी. मग त्यांचं लक्ष शेपूट धरून बसलेल्या माणसाकडे गेलं.

"गुरुजी, ही आमचीच ना?"

बुलढाण्याच्या गृहस्थांनी वर पाहिलं. "काय झालं, गुरुजी?"

"काही नाही. ओळखीच्या आहेत," नाना म्हणाले, आणि मावशींकडे वळले. "ही ती नव्हे, बाई. तुमची गाय खेड्यावर पाठवली आहे. तिथे चरायला रान आहे."

"पण कान, गुरुजी. हाच कान आहे. मी वर्षभर रोज बघतेय."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मावशींनाच म्हणाले, "चित्र चुकलं ते. पोर आहे, हात कच्चा आहे. तुमच्या गाईचा कान अखंड होता. हिने समोर जी मिळाली ती काढली." मग मला, "शालू, हो ना?"

मी हो म्हणाले.

मावशींनी घंटा पिशवीत परत ठेवली. नानांनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटला, कारण तो मध्ये तुटला होता.

त्या दुपारी त्या घरी जेवल्या. आईने वाढलं. त्यांनी आईसाठी आमसुलं आणली होती, ती दिली. वड्यांना चव आहे म्हणाल्या. माझ्या पानाकडे बघून एकदाच म्हणाल्या, "खात का नाहीस गं?" चारच्या गाडीने जायचं म्हणून दोनलाच टांगा बोलावला. मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि तो लगेच उचलला नाही. यापेक्षा जास्त मला त्या हाताबद्दल सांगता येणार नाही.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. तो बद्रीकाकांकडून ऐकला, आणि काही वर्षांनी पुन्हा एकदा विचारला; दोन्ही वेळा त्यांनी तोच सांगितला. टांगा स्टेशनला न जाता आधी भैरवगढला गेला. बाई अंगणात आल्या. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. "कुछ पूछा नहीं बिटिया, कुछ बोली नहीं। कान को हाथ में ले के देखा। ऐसे, उंगली फेर के। फिर घंटी बांधी और चली गई।"

मावशींचं त्यानंतर पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.

पुढचं गोदान चैत्रात होतं. यजमान सोलापूरचे, बाप-लेक. गाय दिसण्याआधी वरच्या पायऱ्यांवरून घंटा ऐकू आली. बद्रीकाकांनी ती सोडली नव्हती. नानांनी दर्भ हातात घेतला, संकल्पाला सुरुवात केली, गाईने मान हलवली आणि ते थांबले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले. मग उठले, तांबड्या दोरीची गाठ सोडली, घंटा माझ्या टोपलीत ठेवली आणि यजमानांना शेपूट धरायला सांगितलं.